सहावी जागा

अन्यायाविरुद्ध पेटून उठणं हा प्रत्येक स्वाभिमानी माणसाचा पहिला धर्म आहे, आणि जो समाज निमूटपणे सांगेल तिथे बसतो त्याचा ऱ्हास कुणीही थांबवू शकत नाही. हे वाक्य मी डॉ. कारखानिसांच्या दवाखान्यात, शर्टाची डावी बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेल्या अवस्थेत, स्टुलावरून उठून उभा राहत म्हणालो. ‘ऱ्हास’पर्यंत नीट गेलं. पुढे मला सलग नऊ शिंका आल्या, आणि त्या संपेपर्यंत सिस्टर रणभिसे लाल टोपणाची बाटली फ्रिजमध्ये परत ठेवून पिवळी काढून मोकळ्या झाल्या होत्या.

“बसा,” त्या म्हणाल्या. “दंड सैल सोडा.”

गोष्ट एक्क्याण्णव सालची, सांगलीतली. मी तेव्हा पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होतो आणि रविवारी एका स्थानिक दैनिकात विनोदी सदर लिहीत होतो. मला अ‍ॅलर्जी दोनच गोष्टींची होती, धुळीची आणि गाजर गवताची. म्हणजे कचेरीत फायली आणि कचेरीबाहेर कालवे. खात्याचं कुठलंच काम मला मानवत नव्हतं. खात्याने ते समजून घेतलं होतं, नाकाने नाही. शेवटी डॉ. कारखानिसांनी मला सुया सुरू केल्या. ज्याने त्रास होतो तेच औषध म्हणून टोचायचं, आधी अगदी पातळ, थेंबभर, मग दर आठवड्याला जरा जरा वाढवत. हिरव्या टोपणापासून सुरुवात, मग निळं, मग पिवळं, शेवटी लाल. लालला पोचलात की पुढे महिन्याला एक, आणि असं तीन ते पाच वर्षं. सहवासाने शत्रूची सवय होते, हे तत्त्व मला आमच्या उपअभियंत्यांमुळे माहीत होतं, म्हणून मी लगेच तयार झालो.

मी नऊ महिने खपून लालला पोचलो होतो. आणि सिस्टरनी मला पिवळीवर उतरवलं.

कारण एवढंच की मी सव्वीस दिवस फिरकलो नव्हतो. मेहुणीचं लग्न इंदूरला होतं, लग्नानंतर उज्जैन झालं, उज्जैननंतर पोट बिघडलं. सुई टोचण्याआधी सिस्टर प्रत्येकाला तेच चार प्रश्न त्याच क्रमाने विचारायच्या. आम्हाला ते शाळेतल्या प्रार्थनेसारखे पाठ होते. छातीत घरघर आहे का? ताप आहे का? नवी गोळी कुठली सुरू केली का, विशेष करून बीपीची? मागची सुई कधी घेतली आणि त्यानंतर काय झालं? घरघर असली की त्या सरळ परत पाठवायच्या. बीपीची गोळी निघाली की डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुईला हात लावायच्या नाहीत.

“नाही, नाही, नाही, आणि मागची नेहमीसारखी,” मी म्हणालो होतो.

“तारीख?”

तारीख त्यांच्या हातातल्या कार्डावर होतीच. ती त्यांना माझ्या तोंडून हवी होती. मी सांगितली. मग त्यांनी ते लाल-पिवळं केलं, आणि मी विचारलं की तुम्ही मला खालच्या वर्गात बसवताय का. त्या हो म्हणाल्या. इतका खंड पडला की शरीर विसरतं, एकदम लाल दिली तर ते औषधाला चोर समजून अंगावर धावून येतं, असं काहीतरी त्यांनी समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही, हे मला जास्त लागलं.

“माझं काय, दोन मिनिटांचं काम,” त्या म्हणाल्या. “जमिनीवर तुम्ही पडाल.”

सुईची खोली आणि बाहेरचा व्हरांडा यांच्यात फक्त अर्धा दरवाजा होता, वर उघडा. व्हरांड्यात पाच माणसं बसली होती आणि पाचांनी सगळं ऐकलं होतं. मी नापास होणं सहन करू शकतो, मॅट्रिकला केलं होतं. पण तेव्हा निकाल पोस्टाने आला होता.

आता त्या व्हरांड्यातल्या बाकाविषयी सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच घडलं.

सुई टोचल्यानंतर अर्धा तास दवाखान्यात थांबायचं, असा नियम होता. काही वेडंवाकडं व्हायचं असेल तर ते बहुतेक तेवढ्यात होतं म्हणून. आता पेशंट अर्धा तास थांबलाय हे मोजायचं कसं? सिस्टरनी स्वतःच्या डोक्याने एक पद्धत बसवली होती. सागवानी लांब बाक. त्यावर ऑइलपेंटच्या पांढऱ्या रेघा मारून सहा जागा केलेल्या, एक ते सहा आकडे घातलेले. सुई झाली की तुम्ही एक नंबरच्या जागेवर बसायचं, आतल्या बाजूला. दर पाच मिनिटांनी सिस्टर आतून टेबलावरची घंटी वाजवायच्या, हॉटेलच्या गल्ल्यावर असते तशी, टिंग. टिंग झालं की सगळ्यांनी एकेक जागा दाराकडे सरकायचं. सहा नंबरवरचा माणूस उठून दंड दाखवायचा आणि घरी जायचा. नवा पेशंट नसला तरी टिंग व्हायचीच. सहा जागा, पाच पाच मिनिटं, अर्धा तास. ना वही, ना शिपाई. साऱ्या पाटबंधारे खात्यात इतकी बिनचूक वाहणारी एकही गोष्ट नव्हती.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत सिस्टर राहायच्या, त्या आणि त्यांची आई. आईला दिसत नसे. तिच्या रेडिओचा आवाज दिवसभर व्हरांड्यात यायचा, आणि टिंग झाली की आईसुद्धा आत पलंगावर जरा सरकते, असा आम्हा पेशंटांचा विनोद होता. तो मीच केला होता.

त्या मंगळवारी पिवळी सुई घेऊन मी एक नंबरवर बसलो तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. पाच टिंगा होऊन सहा नंबरला पोचेपर्यंत ते मुरलं. शेजारी, म्हणजे पाच नंबरवर, कॉलेजातली एक मुलगी घड्याळाकडे बघून चुळबुळत होती. तिचं प्रॅक्टिकल होतं. मला घाई नव्हती. मी सरकारी वेळेत आलो होतो.

“तू जा पुढे,” मी म्हणालो, आणि आमच्या जागा बदलल्या.

ती पाच मिनिटं आधी सुटली. मला फार बरं वाटलं. सिस्टरचा नियम मोडला होता, आणि तो मोडताना मी सभ्य दिसलो होतो. असा योग माणसाच्या आयुष्यात क्वचित येतो.

पुढच्या मंगळवारी मी एका बाईंना दोन जागा पुढे दिल्या, त्यांचं पोर घरी एकटं होतं. त्याच्या पुढच्या मंगळवारी मला काही करावंच लागलं नाही. लोकांनी उचललं. आपल्याकडे माणसाला बाकावर बसवा, तो त्याला रांगच समजतो. आणि रांग म्हटली की म्हातारे पुढे, लेकुरवाळ्या पुढे, आजारी पुढे. “आजोबा, तुम्हाला दम लागतोय, तुम्ही व्हा पुढे.” दम्याच्या माणसाला सगळ्यात जास्त वेळ डोळ्यासमोर ठेवायला हवं, आणि आमच्या बाकावरून तो सगळ्यात आधी बाहेर पडायला लागला. कुणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. सगळे एकमेकांशी इतके चांगले वागत होते की मला मौज वाटायची.

सिस्टरच्या ते लक्षात आलं. त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून लावलं, ‘जागा बदलू नये.’ रविवारी मी त्या पुठ्ठ्यावर सदर लिहिलं. नाव होतं ‘बाक’. एक परिचारिका टिंग वाजवून सहा नागरिकांवर राज्य करते, प्रजा सरकते, आणि एक दिवस प्रजेला शोध लागतो की राणीला फक्त आकडे दिसतात, माणसं दिसत नाहीत, असं काहीतरी. खोटं का बोलू, जमलं होतं. मंगळवारी बाकावर ते मोठ्याने वाचलं गेलं. वाचणारे आण्णाप्पा चौगुले, एसटी स्टँडवरचे कंट्रोलर. गाड्या पुकारून त्यांचा आवाज असा कमावलेला होता की आतल्या रेडिओचं काही ऐकू येईना. लोक मांड्या थोपटून हसले. मी आत स्टुलावर बसलो होतो.

“वाचलं मी,” सिस्टर म्हणाल्या. मी वाट बघितली. “घरघर आहे का?”

एवढंच. मला ती पिवळी बाटली पुन्हा एकदा टोचल्यासारखी झाली.

त्यानंतरच्या मंगळवारी चौगुले लालला पोचले. त्यांची पहिलीच लाल सुई. दंड दाबत ते बाहेर आले आणि एक नंबरवर बसले तेव्हा मी नुकताच सहावर सरकलो होतो. पावणेदहा झाले होते. त्यांचा जोडीदार रजेवर होता आणि दहा-दहाच्या पुणे गाडीला खिडकीवर कुणी नव्हतं. ते मला काही म्हणाले नाहीत, नुसते घड्याळाकडे बघत होते. मला आजही नीट आठवतं, ते मागत नव्हते. मी देत होतो.

“चौगुले, या इकडे. पुणे गाडी अडायला नको.”

“नको साहेब, सिस्टर ओरडतील.”

“त्यांना आकडे दिसतात,” मी म्हणालो. “सहावर माणूस आहे ना, झालं.”

माझ्याच सदरातलं वाक्य होतं. बाकावरचे हसले. चौगुले उठून माझ्या जागी आले, मी त्यांच्या एक नंबरवर गेलो, आणि बसताना ते मला म्हणाले, “देवमाणूस आहात.”

आत एका म्हाताऱ्या बाईंच्या छातीत घरघर होती आणि सिस्टर त्यांना आज सुई मिळणार नाही हे पटवत होत्या. बाई ऐकत नव्हत्या, त्या नरसोबाच्या वाडीहून आल्या होत्या. त्या गडबडीत सिस्टरनी वळून न बघता हात लांब करून घंटी वाजवली. चौगुल्यांनी अर्ध्या दरवाजावरून दंड दाखवला. दंडावर काही नव्हतं. इतक्यात काय दिसणार? सायकलवर टांग मारून ते गेले. घाई होती, जोरात मारली असणार.

मी वही काढून पुढच्या रविवारचं लिहायला घेतलं.

चार-पाच मिनिटांनी चौकातला रसवंतीवाला धावत आला. तुमचा माणूस पडलाय म्हणाला. आम्ही जाऊन बघतो तर चौगुले रसवंतीच्या पायरीवर बसलेले, दोन्ही तळवे सिमेंटवर घासत होते. तोंड सुजून भलत्याच माणसाचं झालं होतं. मानेवर चट्टे होते, आणि तो स्टँडभर घुमणारा आवाज शीळ वाजल्यासारखा बारीक येत होता. भोवती पंधरा माणसं जमली होती आणि सगळी चांगली होती. एकाने कांदा फोडून नाकाला लावला होता, एकजण पेलाभर उसाचा रस तोंडात ओतायला बघत होता, बाकीचे त्यांना उभं करून चालवा म्हणत होते.

सिस्टर आल्या त्या अनवाणी. चप्पल व्हरांड्यात राहिली असावी. हातात वाडग्यासारखा स्टीलचा ट्रे. त्यांनी रसवाल्याचा हात झटकला, चौगुल्यांना आडवं पाडलं आणि खाकी पँटवरूनच मांडीत सुई खुपसली. मग आजूबाजूला बघून उसाची एक मोळी ओढली आणि त्यांचे पाय तिच्यावर टाकले. कुणी त्यांना उठवायला पुढे झालं की त्या हात आडवा धरायच्या. घड्याळ बघून त्यांनी दुसऱ्यांदा टोचलं. थोड्या वेळाने चौगुल्यांच्या छातीचा भाता जरा नीट चालायला लागला. मला ते घड्याळ आठवतं. छातीवर उलटं टाचलेलं होतं. ते बघून त्या काहीतरी मोजत होत्या, आणि मोजता मोजता त्यांनी एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टर तोवर आले नव्हते. ते अकराला येत. सुया नवाला सुरू होत. दोन तास तो दवाखाना एकट्या सिस्टर चालवायच्या, आणि आम्हा कुणाला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं की अशा सुया चालू असताना डॉक्टर कुठे आहेत? आम्ही फक्त आम्हाला कधी सोडणार एवढंच विचारायचो.

दुपारी डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले. चौगुल्यांचा धाकटा भाऊ, युनियनची दोन माणसं, सिस्टर आणि मी. मला डॉक्टरांनीच थांबवून घेतलं होतं. टेंबे लेखक माणूस, ते तिथेच बसले होते, त्यांचं कुणी खोटं धरणार नाही, असं त्यांनी युनियनवाल्यांना सांगितलं. चौगुले सिव्हिलला होते, शुद्धीवर होते. भाऊ मात्र शुद्धीवर नव्हता. अर्धा तास थांबवायचं असतं तर माझा भाऊ दहा मिनिटांत रस्त्यावर कसा, हा एकच प्रश्न तो टेबलावर मूठ आपटून विचारत होता. प्रश्न बरोबर होता.

डॉक्टर म्हणाले, थांबवण्याची जबाबदारी सिस्टरची. मग ते म्हणाले की ही बाकाची पद्धत वैद्यकीय नाही, ती सिस्टरने स्वतःच्या मनाने सुरू केलेली आहे. आणि मग त्यांनी खणातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. “लोकांनासुद्धा हा प्रकार हास्यास्पद वाटत होता. हे बघा, टेंब्यांनीच लिहिलंय.”

ते कात्रण हातोहात फिरलं. युनियनमधल्या एकाला अशाही वेळी वाचता वाचता हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं.

सिस्टर उभ्या होत्या. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “चौगुल्यांना सुई पावणेदहाला दिली. कार्डावर लिहिलंय. ते एकवर बसले. सहावर टेंबे होते. पुढच्या घंटीला सहावर चौगुले कसे आले, ते टेंब्यांना विचारा.”

डॉक्टरांनी विचारलं.

मला त्यावेळी राग आला होता. हे मी आज एकवीस वर्षांनी लिहितोय आणि तरी मला दुसरा शब्द सापडत नाही. मला त्या बाईचा भयंकर राग आला होता. पाच जणांसमोर पिवळीवर उतरवलं तेव्हा आला होता तसाच, तोच. पुन्हा एकदा चारचौघांसमोर तिला तारीख माझ्या तोंडून हवी होती.

“मी लिहीत होतो,” मी म्हणालो. “माझं लक्ष नव्हतं.”

सिस्टरनी मान हलवली, जशी चौथ्या प्रश्नाचं उत्तर कार्डावर टिपून घेताना हलवायच्या. त्या काही बोलतील असं मला वाटलं. त्या बोलल्या, पण चौगुल्यांच्या भावाशी.

“आज त्यांना घरी आणू नका. कितीही बरे दिसले तरी. काही तासांनी पुन्हा उठू शकतं.”

आठवड्याच्या आत मागची खोली रिकामी झाली. मी कचेरीत जाताना बघितलं. हातगाड्यावर दोन ट्रंका, पलंगाच्या पट्ट्या आणि सगळ्यात वर रेडिओ. आई एका हाताने गाडा धरून चालत होती. मी सायकल गल्लीत घातली.

डॉक्टरांनी बाक काढून टाकला. रेक्झिनचा सोफा आणला, टीव्ही ठेवला. अर्धा तास थांबायची पाटी होती, पण मोजणारं कुणी नव्हतं, आणि लोक मालिका संपली की उठायचे. मी त्यानंतर सुया घ्यायला गेलो नाही. तिथे जाववेना, आणि दुसरीकडे जाऊन चार प्रश्नांची उत्तरं देण्याची हिंमत नव्हती. त्यामुळे शिंका तशाच राहिल्या.

‘बाक’ मात्र फार चाललं. ते माझ्या पहिल्या पुस्तकात गेलं, स्नेहसंमेलनांतून त्याचं एकपात्री झालं. कुठेही गेलो तरी लोक तेच वाचा म्हणायचे. मी वाचायचो. टिंग म्हणताना मी जिभेने जो आवाज काढतो तो लोकांना विशेष आवडतो. मी निवृत्त झालो, सदरही बंद केलं, आणि गेल्या फेब्रुवारीत आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या वर्धापनदिनी तेच पुन्हा वाचलं. सभागृह हसत होतं. तिसऱ्या रांगेत एकजण हसत नव्हता. असा माणूस मला लगेच दिसतो, तो धंद्याचाच भाग आहे.

कार्यक्रम झाल्यावर ते चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसले. केस सगळे पांढरे, पण आवाज तोच. आण्णाप्पा चौगुले.

“छान वाचता,” ते म्हणाले. मग कप खाली ठेवून म्हणाले, “सिव्हिलमधून सुटल्यावर मी डॉक्टरांकडं गेलो होतो. टेंबेसाहेबांनी जागा दिली, मी घेतली, सिस्टरचा काय दोष, म्हटलं. डॉक्टर म्हणाले, टेंबे तर म्हणतात त्यांचं लक्ष नव्हतं. मग तुमचं खरं धरू का त्यांचं?”

“तुम्ही मला जागा दिली त्याचा मला कधी राग नाही आला,” चौगुले म्हणाले. “मी काय कुकुलं बाळ होतो? पण एक शब्द होता हो तुमच्याकडं. तो तुम्ही नाही दिला. जागा कुणालाही देत होता.”

हे त्यांनी भांडल्यासारखं म्हटलं असतं तर मी उत्तर देऊ शकलो असतो. त्यांनी ते गाडीची वेळ सांगितल्यासारखं सांगितलं. मग उठता उठता म्हणाले की त्यांची नात सुया घ्यायला जयसिंगपूरला जाते, एका धर्मादाय दवाखान्यात. सिस्टर रणभिसे तिथे असतात, मंगळवारी आणि शुक्रवारी.

घरी जाऊन मी ‘बाक’ची माझी प्रत काढली आणि फाडायला घेतली. पुस्तकं हल्ली फार घट्ट बांधतात. मला तेही जमलं नाही. बायकोने विचारलं, कुणावर एवढे चिडलात? मी नाव सांगितलं नाही. ती ओळखते त्याला.

मंगळवारी मी जयसिंगपूरला गेलो. एसटीत बसून तीन पानं लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा मी एकही विनोद नसलेली तीन पानं लिहिली होती. एकवीस वर्षांचं सगळं त्यात होतं. पिवळी बाटली, कॉलेजची मुलगी, देवमाणूस, हातगाडा, रेडिओ. शेवटी असंही होतं की मी हे, आता दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर कारखानिसांच्या मुलाला लिहून देईन, वर्तमानपत्रात छापून आणीन, तुम्ही सांगाल तिथे उभा राहून वाचीन.

दवाखाना म्हणजे एक कौलारू इमारत होती, पुढे पडवी. पडवीत बाक होता. लोखंडी, पण पांढऱ्या रेघा त्याच, आकडे तेच, एक ते सहा. दाराशी सहाचा आकडा मोकळा होता, कुणीतरी नुकतंच उठून गेलं असावं. प्रवासाने माझे गुडघे गेले होते. मी तिथे बसलो, आणि बसल्या बसल्या मला पाच शिंका आल्या.

आतून सिस्टर बाहेर आल्या. बारीक झाल्या होत्या, चष्मा जाड झाला होता. छातीवर घड्याळ उलटं.

“मी टेंबे,” मी म्हणालो.

“कळलं. शिंक ऐकली.” त्यांनी घड्याळ बघितलं. “चार मिनिटं आहेत. बोला.”

मी पानं काढली, पण चष्मा घरी राहिला होता. मग तसाच बोललो. सहावी जागा मी चौगुल्यांना दिली होती. माझं लक्ष होतं. सगळं लक्ष होतं. मी खोटं बोललो, कारण तुम्ही मला पिवळीवर उतरवलं म्हणून मी चिडलो होतो. एवढ्या फालतू कारणासाठी, आणि तुम्ही मला उतरवलं नसतं तर रस्त्यावर कदाचित मीच पडलो असतो. तुमची नोकरी गेली, घर गेलं, तुमच्या आईला त्या वयात गाड्यामागून चालावं लागलं, आणि मी त्यावर एकवीस वर्षं लोकांना हसवत राहिलो. बाकावरचे पाचहीजण ऐकत होते. तेच मला हवं होतं. माझा आवाज चढला, आणि शेवटी मी जवळजवळ ओरडलोच की तुम्ही मला काहीतरी बोला, त्या दिवशी बोलायला हवं होतं ते आज तरी बोला, मी ऐकायला आलोय.

सिस्टरनी बाकाकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“टेंबे, आज सुई घेतलीय तुम्ही?”

“नाही.”

त्यांनी अर्ध्या दरवाजावरून आत हात घातला. हात घंटीवर होता, अजून वाजवली नव्हती.

“मग तेवढं त्या जागेवरून उठा,” त्या म्हणाल्या. “माझी मोजणी चुकते.”